कोरड्या दिवसाचं गणित स्प्रेडशीटवर कसं मांडायचं

वाडीत किंवा सोसायटीत आठवड्याला कोरडा दिवस पाळला, म्हणजे एका दिवशी पाण्याची सगळी भांडी रिकामी केली, तर डेंग्यू पसरवणारे एडिस डास किती घटतील, हे कागदावर आधी बघता येतं. स्प्रेडशीट वापरता येते आणि भांडी तपासायला चार माणसं आहेत, एवढं मी गृहीत धरतो.

पहिलं काम, कोश मोजा, म्हणजे अळीनंतरची, डास होण्याआधीची अवस्था. अळ्या नव्हे. हाउस इंडेक्स, म्हणजे शंभरातल्या किती घरांत अळ्या सापडल्या, तो आकडा घेऊन मॉडेल करा असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ऐकू नका. बाटलीच्या झाकणात चार अळ्या असलेलं घर आणि अळ्यांनी वळवळणारा हौद असलेलं घर त्यात सारखंच धरलं जातं. शिवाय अळ्यांतल्या बऱ्याच मरतात, कोश मात्र बहुतेक सगळे उडतात. स्वल्पविरामासारखा वाकडा, पाणी हललं की कोलांट्या मारत तळाला जातो तो कोश. तो साधारण दोन दिवस टिकतो. म्हणजे रांजणात १२ कोश दिसले तर रोज ६ डास, त्यांतल्या ३ माद्या.

दुसरं, प्रत्येक घराला वेगळे रकाने द्या आणि एका दिवसाला एक ओळ. सगळ्या घरांची सरासरी काढू नका.

तिसरं, उडत्या माद्यांची आजची संख्या गुणिले ०.९ (रोज दहातली एक मरते असं धरून), अधिक आज नव्याने उडालेल्या, म्हणजे उद्याची संख्या. झालं.

आता जिथे माझे दोन पावसाळे गेले ती जागा.

अंड्यातून निघाल्यापासून डास उडेपर्यंत उन्हाळी-पावसाळी हवेत अंदाजे ९ दिवस धरा: ७ अळीचे, २ कोशाचे. मी काय केलं, सगळ्या अळ्या एका रकान्यात टाकल्या आणि रोज त्यांचा सातवा हिस्सा कोशात ढकलला. बरेच जण असंच शिकवतात, कारण सूत्र एका ओळीत बसतं. शीट म्हणाली, दर आठवड्याला भांडी रिकामी करूनही फारसा फरक पडत नाही. मी ते वाडीच्या बैठकीत सांगूनही आलो. आजही लाज वाटते.

चूक अशी की सातवा हिस्सा काढताना शीटला अळीचं वय कळत नाही. काल निघालेली अळीही आज कोशात जाते. हिशेब केला तर आज निघालेल्या अळ्यांपैकी ६६ टक्के सात दिवसांत कोशात पोचलेल्या दिसतात, आणि काही उडूनही जातात. खरा डास असा घाई करत नाही.

म्हणून वयाचे ९ रकाने करा. रांजणाच्या त्या ३ माद्या रोज पहिल्या रकान्यात टाका, रोज सगळे आकडे एक रकाना उजवीकडे सरकवा, नवव्यातून बाहेर पडलेल्या उडत्यांत मिळवा. रोज तीनच का? अंडी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडतात, वाढतात मात्र भांड्यातलं खाणं पुरेल तेवढ्याच. कोरड्या दिवशी नऊही रकान्यांत शून्य. आता दर ७ दिवसांनी रिकामं केलेल्या घरातून एकही डास उडत नाही. १० दिवसांनी केलं तर एका दिवसाचं पीक निसटतं. एक आठवडा चुकून १४ दिवस झाले, तर पाच दिवसांचं.

एक ताकीद. रिकामं केल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्या रकान्यात परत ३ लिहा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. काथ्याने कडा घासल्याची खात्री असेल त्याच घराला थोडे दिवस शून्य द्या.

बंद घरांना कोरडा दिवस देऊ नका. अशा घराच्या गच्चीवरची उघडी टाकी एकटी सगळ्या गल्लीला डास पुरवते, हे शीटमध्ये लगेच दिसतं.

धूर फवारणी बघायची असेल तर एका दिवशी उडत्या माद्या ७० टक्के कमी करा. भांडी तशीच असतील तर आठवड्यात निम्म्याहून जास्त तूट भरून येते.

शून्य गाठायचा हट्ट मात्र नको. १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसनेच पुढे गणिताने दाखवलं की डास एका पातळीखाली राहिले की मलेरिया टिकत नाही, शेवटचा डास मारावा लागत नाही. डेंग्यूलाही तोच तर्क लावतात.

शेवटी ताळा. तीन आठवड्यांनी, भांडी ओतायच्या आधी, कोश पुन्हा मोजा. आकडे जुळले नाहीत तर सूत्रावर संशय घेण्याआधी यादी तपासा. माझ्याकडे दोनदा सूत्र बरोबर होतं, मोजणाऱ्या पोराने फ्रिजमागचा ट्रे उघडलाच नव्हता.