स्लेड करताय? आधी अंगठ्यांचा विचार करा

टेबल सॉवर (टेबलातून गोल ब्लेड वर आलेलं करवत-यंत्र) आडवे काप घ्यायला घरी स्लेड, म्हणजे लाकूड धरून टेबलाच्या खाचांतून सरकणारी फळी, करणार असाल, तर काटकोनाआधी अंगठ्यांचा विचार करा. काप पुरा झाला की ब्लेड स्लेडच्या आपल्याकडच्या उभ्या पट्टीतून (लाकूड जिला टेकतं ती) आरपार बाहेर येतं, आणि नेमके तिथेच आपले अंगठे असतात. माझ्या पहिल्या स्लेडला या पट्टीच्या मागे काहीच नव्हतं. खिडकीच्या चौकटीचे सोळा तुकडे कापायचे होते. शेवटच्याला ब्लेडने डाव्या अंगठ्याचं नख तासून नेलं. त्याच संध्याकाळी तिथे लाकडी ठोकळा बसवला.

ठोकळा साधारण 75 मिमी जाड घ्या आणि नुसत्या फेव्हिकॉलने चिकटवा. ब्लेडच्या वाटेत एकही स्क्रू नको. वरून लाल रंग द्या. मग टेबलाच्या खाचेत पलीकडच्या टोकाला एक गुटका क्लॅम्पने आवळा, म्हणजे काप संपताच स्लेड त्याला अडेल आणि ब्लेड ठोकळ्याबाहेर डोकावणार नाही. हे जुळवताना मशीनची विजेची पिन काढलेली हवी.

तळाला 12 मिमी प्लाय पुरतो. खाचेत सरकणाऱ्या पट्ट्या मुरलेल्या सागवानाच्या करा. ढिल्या राहिल्या तर स्लेड तिरकं होतं, लाकूड ब्लेडच्या मागच्या दातांत अडकतं. आमच्या चिपळूणला जुलैत याच पट्ट्या फुगून घट्ट बसतात. तेव्हा जोर लावून ढकलू नका. रंध्याचा एक हलका हात मारा, मेणबत्ती घासा. गुण्या लावून उभी पट्टी ब्लेडशी काटकोनात बसवा, झालं.

कापताना ब्लेड लाकडाच्या वर जेमतेम 5 मिमी. चष्मा हवा, हातमोजे अजिबात नकोत. ब्लेडच्या दोन्ही बाजूंना 100 मिमीवर मी लाल रेघा मारल्यात. हात त्यांच्या आत जात नाही. तुकडा त्याहून लहान असेल तर तो क्लॅम्पने उभ्या पट्टीला आवळायचा.

सारख्या मापाचे तुकडे हवे असतील तर मशीनच्या लांब फेन्सला (ब्लेडला समांतर असलेल्या आधारपट्टीला) लाकूड टेकवू नका. सुटलेला तुकडा फेन्स आणि ब्लेडच्या मधे तिरका होऊन अंगावर येतो. अडणी, म्हणजे लाकडाचं टोक जिथे अडतं तो गुटका, स्लेडच्याच उभ्या पट्टीवर लावा आणि अडणीकडचा तुकडा शेवटपर्यंत दाबून धरा. काप झाला की स्विच बंद. ब्लेड पूर्ण थांबल्यावरच स्लेड मागे घ्या, आणि सुटे तुकडे काठीने बाजूला सारा.