स्वतःच्या आयुष्यातून लिहिताना या चुका टाळा

नवी वही, नवं पेन, पहाटे उठून चहाही झालेला. पहिल्या ओळीत जन्मगाव, दुसरीत आजोबा, आणि तिसऱ्या ओळीला हात थांबतो. आमच्या वाचनालयात शनिवारी लिहू पाहणारी माणसं जमतात. निवृत्त गुरुजी, बँकेतल्या ताई, कॉलेजातली मुलं. वयं वेगळी, पण अडतात बहुतेक एकाच ठिकाणी. मीही तिथेच अडले होते.

जन्मापासून सुरुवात

'आत्मचरित्र लिहायचंय' असं ठरवून बसलं की सगळ्या आयुष्याचं ओझं एकदम मानेवर येतं. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या. १९१९ मध्ये त्यांचे पती रेव्हरंड टिळक वारले. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यानं आईकडे आठवणी मागितल्या. त्या लिहीत गेल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' उभं राहिलं. पहिला भाग १९३४ साली आला. कुणीतरी विचारतंय आणि आपण सांगतोय, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. तुम्हीही एका माणसाला डोळ्यांपुढे ठेवा. भाची, जुनी मैत्रीण, कुणीही. तिला एकच प्रसंग सांगा.

मोठ्या घटनेच्या मागे धावणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आम्ही ठाण्यात राहायचो, बाबा साकीनाक्याला कामावर गेले होते. 'माझ्याकडे लिहिण्यासारखी घटना आहे' असं म्हणून मी बऱ्याच वर्षांनी त्यावर लेख लिहायला घेतला. मिठी नदी, बंद लोकल, अडकलेली माणसं, पावसाचा आकडा. दोन पानं झाली. वाचून पाहिली तर त्यात आमचं घरच नव्हतं. सगळं वर्तमानपत्रात छापून आलेलं होतं.

मग माळ्यावरून आईची जुनी कालनिर्णयं काढली. आई दुधाचा हिशेब कालनिर्णयाच्या चौकटीत लिहायची, सिलिंडर कधी लावला तेही तिथेच. जुलै २००५ चं पान उघडलं. २६, मंगळवार: 'दूध १ लि. हे आले नाहीत.' २७ च्या चौकटीत: 'दूध नाही. हे आले दु. ३.'

त्या पानापुढे मी कितीतरी वेळ बसून होते. दिवे गेलेले होते, म्हणजे तिनं हे मेणबत्तीच्या उजेडात लिहिलं असणार. कॅलेंडर फ्रिजशेजारच्या खिळ्याला असायचं, म्हणजे उभ्यानंच. पण रात्री किती वाजता? आणि दुधाच्या हिशेबाला लागून का? हे प्रश्न पडले आणि हात आपोआप चालायला लागला.

दुसरी गोष्ट बाबांच्या डब्यातली. ते चालत घरी आले, तेव्हा पिशवीतला डबा मीच घासायला घेतला होता. आत एक स्टीलचा चमचा होता आणि तो आमचा नव्हता. दांड्यावर बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं: सु. वि. प. बाबांनी तेव्हा काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चमचा आमच्या भांड्यांत मिसळून गेला, अजून आहे.

९४४ मिलिमीटरनं मला दोन पानं दिली होती. चमच्यानं अकरा दिली. जे पुरतं माहीत आहे, ते सांगून टाकलं की संपतं. जे घरात असूनही कळलेलं नाही, ते आपल्याला लिहायला बसवतं. म्हणून 'माझ्या आयुष्यात काय घडलंय?' असं विचारत बसण्यापेक्षा कपाट उघडा. वाणसामानाची वही, पोस्टाचं पासबुक, लग्नातल्या आहेराची यादी. कुणी ११ रुपये दिले, कुणी पातेलं दिलं, आणि ज्यांचं नाव यादीत असायलाच हवं होतं त्यांचं का नाही? तिथून सुरू करा.

'काळजावर घाव बसला' लिहून पुढे जाणं

गटातल्या एका काकांनी गिरणी संपावर लिहिलं होतं. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, वडील गिरणीत होते, घरावर दुःखाचा डोंगर कोसळला वगैरे. मी त्यांना विचारलं, संपात वडील सकाळी काय करायचे? ते जरा थांबून म्हणाले, "पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसायचे. आंघोळ करून, शर्ट घालून. मग जायचं कुठे, म्हणून तो शर्ट परत खुंटीला लावायचे." डोंगर खोडला, खुंटी ठेवली. भावनेचा शब्द आला की तिथेच थांबा आणि त्या वेळी हातात काय होतं ते आठवा.

आणि बोली सुधारू नका. आजी 'म्या न्हाई जायाची' म्हणाली असेल, तर तिच्या तोंडी 'मी जाणार नाही' घातल्यावर कागदावर आजी उरत नाही.

निवांत वेळेची वाट पाहणं

फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपलं आणि आपल्या समाजाचं जगणं दुकानात बसल्या बसल्या लिहिलं. घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवलं. हे मी कुणाला लाज वाटावी म्हणून सांगत नाही. लिहायला वेगळी खोली लागत नाही, गिऱ्हाईक येईपर्यंतचा वेळही पुरतो, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. पंधरा मिनिटं ठरवा, आणि उठताना पुढचं वाक्य अर्धवट सोडा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही.

लिहिलं की लगेच घरच्या ग्रुपवर टाकणं

पहिला खर्डा ग्रुपवर टाकला की चार अंगठे येतात, दोन हार-फुलं येतात, आणि एखादी आत्या म्हणते, "हे असं नव्हतं गं." बहुतेकांचं लिहिणं तिथे थांबतं. निदान महिनाभर जवळ ठेवा. मग ज्या माणसाबद्दल लिहिलंय, त्या एकाच माणसाला वाचून दाखवा, समोर बसून. कुणाचं गुपित उघडं पडत असेल तर त्याला विचारूनच ठेवा. त्यानं नको म्हटलं तर तो भाग काढा. लेखापेक्षा नातं मोठं असतं, असं मला मनापासून वाटतं.

मी बाबांना वाचून दाखवलं. चमच्यापाशी आल्यावर त्यांनी हात वर केला. "खिचडी लिहिलंयस, खिचडी नव्हती. उपमा होता. घाटकोपरच्या पुढे एका चाळीत जिन्यावर बसवून सगळ्यांना खायला घालत होते. चमचा परत करायला वळलो, तर त्या बाई म्हणाल्या, राहू दे, पुढे लागेल."

मग ते तासभर बोलत होते. रुळांवरून हात धरून चाललेली माणसं, पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून केलेली रांग. मी पेन उचललं नाही, नुसती ऐकत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाहीत."