ऊसतोडीच्या दिवसांत कोल्हा, कुत्रा आणि काळजातला फोड

कारखान्यांची धुराडी पेटली आणि करवीर, कागल, शिरोळकडचे फड मोकळे व्हायला लागले, की वर्षभर उसात दडलेले कोल्हे बांधावर दिसू लागतात. शेवटच्या चार सऱ्या उरल्या की कोल्हा सुटतो आणि वस्तीवरची कुत्री त्याच्या मागं लागतात. माझं सांगणं त्या मागं धावणाऱ्या कुत्र्याबद्दल आहे.

कोल्हा, खोकड आणि कुत्रा एकाच कुळातले, त्यामुळं एकाचे जंत दुसऱ्याच्या आतड्यातही राहतात. त्यातला सगळ्यांत वाईट म्हणजे एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी. लांबी जेमतेम ३ ते ७ मिलिमीटर. त्याची अंडी कुत्र्या-कोल्ह्याच्या विष्ठेतून गवतावर, उसाच्या वाड्यावर, पाण्यात पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत. शेळी, मेंढी, म्हैस यांच्या पोटात ती गेली की काळजात (म्हणजे यकृतात) नाहीतर फुप्पुसात पाण्याचा फोड धरतो. माणसाचंही तसंच. फोड वर्षानुवर्षं मुकाट वाढतो, कित्येकदा भलत्याच कारणानं सोनोग्राफी केल्यावर सापडतो. आत फुटला तर जिवावर बेततं. (मोबाईलवर ज्याच्या बातम्या फिरतात तो यकृत पोखरणारा कोल्ह्याचा जंत हा याचा भाऊबंद, तो मध्य युरोप, जपानचं होक्काइदो अशा थंड मुलखातला.)

आता जत्रा, म्हाईचे दिवस आठवा. बकरं सोललं, काळीज पाटावर आलं, आणि त्यात लिंबाएवढी पांढुरकी, ताणलेली पिशवी दिसली. सुरी लागताच स्वच्छ पाणी उडतं. कापणारा तेवढा तुकडा काढतो आणि शेजारी टपून बसलेल्या कुत्र्यापुढं टाकतो. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय, आणि दर वेळी पोटात गोळा येतो. त्या एका पिशवीत जंतांची हजारो डोकी असतात. दीड-दोन महिन्यांत तेच कुत्रं अंडी टाकायला लागतं, आणि पोरं त्याच्याच गळ्यात पडून खेळतात. फोडाचं मटण खाऊन माणसाला हा रोग होत नाही. तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांतून होतो. म्हणून असलं काळीज, फुप्पुस कुत्र्याला कच्चं कधीच घालू नका. जाळा, अर्धा-पाऊण तास उकळा, नाहीतर दोन-अडीच हात खोल पुरून वर दगड ठेवा. उथळ पुरलेलं कोल्हा रात्रीत उकरून काढतो.

कुत्र्याला जंताची गोळी देता ना? मग तीत प्राझिक्वांटेल, म्हणजे पट्टकृमी मारणारं औषध, आहे का, हे पशुवैद्यकाला विचारा. प्रत्येक गोळीत ते नसतं. वजनाप्रमाणे डोस, जिथं फोड सापडतात तिथं दर ६ आठवड्यांनी. डोसानंतर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि विष्ठा पुरा. रानात खतासाठी मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगरांच्या कुत्र्यांचा डोसही गावानं आपल्या खर्चानं करावा, असं मला मनापासून वाटतं.

पिल्लांचा गोल जंत, टॉक्सोकारा, आईच्या पोटातूनच येतो. त्याची अंडी मातीत २ ते ४ आठवड्यांत पिकतात आणि लहान मुलांच्या पोटात गेली तर अळी डोळ्यापर्यंत पोचू शकते. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की डोस सुरू करा. ऊसतोड्यांच्या खोपींजवळची पिल्लंही विसरू नका.

उसातली मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात भाकरीबरोबर कच्ची खाता, ती वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. फिनेलनं ही अंडी मरत नाहीत. कडक ऊन आणि उकळतं पाणी मात्र त्यांना मारतं. बांधावर केस, बोरांच्या बिया असलेली कोल्ह्याची विष्ठा दिसली तर खोऱ्यानं उचलून पुरा, हात लावू नका.

कोल्ह्याला विष किंवा फास लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि उसातले उंदीर तोच खातो. जखमी किंवा मेलेला दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवा. चावलाच, तर जखम साबणानं १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.