व्हीएचएस टेप डीव्हीडीवर घेताना चित्राचा वरचा भाग वाकणे : माझा अनुभव
वडिलांनी चित्रित केलेल्या व्हीएचएस टेपा डीव्हीडीवर घेताना चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकत असे आणि दाराच्या चौकटीसारख्या उभ्या रेषा सतत थरथरत. हेड साफ केले, केबल बदलली, ट्रॅकिंग फिरवून पाहिले, तरी फरक पडला नाही. प्रत्येक प्रयत्नात टेप आणखी झिजते आहे, या विचाराने जीव कासावीस होई.

मूळ कारण असे, की टेप चालताना चित्राच्या प्रत्येक आडव्या ओळीची वेळ किंचित मागेपुढे होते; जुना टीव्ही ते सांभाळून घेतो, कॅप्चर यंत्राला (टेपचे चित्र संगणकात घेणाऱ्या यंत्राला) ते जमेलच असे नाही.

आधी टेप शेवटपर्यंत पुढे नेऊन पूर्ण मागे गुंडाळली, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. मग टाइम बेस करेक्टर (ओळींची ही मागेपुढे झालेली वेळ सरळ करणारी सोय) असलेला एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएसच्या सुधारित प्रकारचा, व्हीसीआर मिळवून (खरा फरक यानेच पडला) तो करेक्टर चालू केला, पिवळ्या केबलऐवजी उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी एस-व्हिडिओ केबल जोडली आणि पॅल (भारतातील टीव्ही पद्धत) चित्र ७२० बाय ५७६ आकारात, इंटरलेसिंग (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची, रचना) न काढता, कॅप्चर केले. डीव्हीडीसाठी एमपेग-२ स्वरूपात करताना फील्डचा क्रम कॅप्चरमधलाच ठेवला, कारण तो उलटला तर हालचाल झटके खाते. बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) ८ एमबीपीएस ठेवून ४.७ जीबीच्या डिस्कवर एकच तास घेतला. चौकट आता सरळ दिसते, आणि आईच्या साडीचा काठही.