जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं सांभाळताय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त नुकसान करते ती सेलोटेप, हे आधी सांगतो. पान फाटलं की हात पहिला तिकडेच जातो. मीही एका पुस्तकाला लावली होती, अगदी सरळ रेषेत, तेव्हा छान वाटलं होतं, पण आता वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा आपोआप गळून पडलाय आणि खाली तपकिरी पट्टा उरलाय, त्यातला चिकटा कागदात इतका मुरलाय की मागच्या बाजूलाही डाग उमटलाय, आणि फाटलेलं ते फाटलेलंच. आधीच टेप असेल तर ओढून काढू नका हां, छापलेली अक्षरं सोबत येतात. जाणकार लोक पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात कारण ती खळ पुढे कधीही ओलावा देऊन सोडवता येते. परत काढता येणार नाही असं काहीच करायचं नाही, म्हणून लॅमिनेशन तर अजिबात नको.

पुस्तक भिजलं तर घाईने उन्हात टाकू नका, पानं वेडीवाकडी होतात आणि शाई उडते. पण थांबूनही चालत नाही, साधारण 48 तासांत बुरशी धरायला लागते. पानांमध्ये टिपकागद घाला, तो बदलत राहा, खोलीत पंखा चालू ठेवा, फक्त थेट पुस्तकावर नको. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकदा चिकटून वाळली की सुटतच नाहीत. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. आधी पूर्ण कोरडी होऊ द्या, मग मास्क लावून बाहेर मोकळ्यावर मऊ ब्रशने झटका.

कसर लागली की डांबरगोळ्या टाकतात लोक, त्याचा वास आपल्यालाच बाधतो. त्यापेक्षा पुस्तक प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. चामड्याची बांधणी, चर्मपत्र किंवा रंगीत चित्रं असलेलं हस्तलिखित असेल तर हा प्रयोग घरी करू नका प्लीज, कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुनी पुस्तकं-कागद जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

पांढरे हातमोजे घालायचेच असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर कागदासाठी स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, कापडी मोज्यातून पानाची कड जाणवत नाही आणि तीच फाटते. शेल्फातून काढतानाही कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका, शेजारची दोन पुस्तकं जरा आत ढकला आणि मधलं पुस्तक दोन्ही बाजूंनी धरून काढा.

आणि पुस्तकात ठेवलेली वर्तमानपत्राची कात्रणं आजच काढा, त्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानांवर कात्रणाच्या आकाराचा पिवळा चौकोन उमटवतं.