नवख्याला ३५५वं पान उघडून द्या
अमेरिकेतल्या एपिस्कोपल (म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चमध्ये नवीन माणसाची खरी तारांबळ पुस्तकांनी उडते. हातात १९७९चं प्रार्थनापुस्तक, मांडीवर गीतपुस्तक, त्यात ‘एस’वाले, म्हणजे उपासनेतल्या ठरावीक गायनाचे, क्रमांक चक्क सुरुवातीला! म्हणून दारात हात मिळवून थांबू नका. शेजारी बसा, आपलं प्रार्थनापुस्तक ३५५व्या पानावर उघडून त्याला द्या. आजच्या भाषेतली प्रभुभोजनाची उपासना तिथून सुरू होते. गुडघे टेकायचे की नाही, त्याचं त्याला ठरवू द्या. प्रभुभोजनाआधी मात्र हळूच सांगा: बाप्तिस्मा झाला असेल तर भाकर-द्राक्षारस घ्या, नसेल तर वेदीपाशी या, हातांची छातीवर फुली करा, आशीर्वाद मिळेल. सगळ्यांसमोर उभं करून नाव विचारणं टाळा (मी तर पळूनच जाईन). ते नंतर, कॉफीचा कप देताना.