ड्राय आइसने मोल्ड साफ करायचा तर गरम असतानाच करा

हिंगणा एमआयडीसीत रबरी गॅस्केट आणि ऑइल सील बनवणाऱ्या कारखान्यात मी मोल्ड, म्हणजे रबराला आकार देणारे साचे, सांभाळतो. मोल्ड सतत चालला की खाचांत जळालेल्या रबराचा आणि रिलीज एजंटचा (माल मोल्डला चिकटू नये म्हणून मारतात त्याचा) काळा, चिवट थर धरतो. मग मालावर डाग येतात, कडा भरत नाहीत. अजूनही बऱ्याच ठिकाणी मोल्ड प्रेसमधून (तो दाबून तापवणाऱ्या यंत्रातून) उतरवतात, थंड करतात आणि तारेच्या ब्रशने घासतात. त्याने घाण निघते, पण सोबत सीलचा ओठ (तेल अडवणारी पातळ कड) घडवणारी मोल्डची धार बोथट होते आणि कोरलेला पार्ट नंबर पुसट होत जातो. इतकी मेहनत घेऊन बनवलेला मोल्ड साफसफाईत झिजावा, हे मला अजिबात पटत नाही.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८.५ अंश. त्याचे साधारण ३ मिमी जाडीचे, तांदळाच्या दाण्यासारखे पेलेट कॉम्प्रेसरच्या हवेसोबत नोझलमधून सुटतात. दाणा आदळतो तेव्हा थर एकदम गार होऊन आखडतो आणि तडकतो. दाण्याचा जागच्या जागी वायू होतो, त्याचं आकारमान साधारण ८०० पट वाढतं आणि तडकलेला थर उचलला जातो. ड्राय आइस पोलादापेक्षा फारच मऊ, त्यामुळे धातूला ओरखडा पडत नाही. पाणी नाही, वाळू नाही. खाली पडते ती फक्त मोल्डचीच घाण, ती व्हॅक्यूमने ओढून घ्यायची.

आता मुख्य गोष्ट. मोल्ड १६०-१७० अंशांवर प्रेसमध्येच असताना काम करा. थर आणि दाणा यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितका थर लवकर सुटतो. थंड मोल्डवर मारलं तर तो आणखी गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि पुढे गंज धरतो. जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास होतं. शिवाय उतरवणं, परत चढवणं, परत तापवणं यात जाणारी पाळी वाचते, ती वेगळीच.

हवेचा दाब ५ बारपासून सुरू करून गरजेप्रमाणे वाढवा. नोझल थोडं तिरकं धरा, थराच्या कडेखाली मारा आणि एका जागी थांबू नका, हात फिरता ठेवा. व्हेंटची (हवा बाहेर जाण्याची) बारीक भोकं बुजलेली असतात, तिथे मात्र सरळ समोरून मारा. थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) आणि हीटरच्या वायरी आधी झाकून घ्या. कॉम्प्रेसरनंतर ड्रायर हवाच. हवेत ओल असली की दाण्यांचे गोळे होतात आणि होज तुंबतो. मोल्ड आणि मशीन दोन्हींना अर्थिंग द्या, कारण कोरड्या हवेच्या झोताने स्थिर वीज साठते.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो, तेव्हा ड्राय आइस सकाळी लवकर मागवा आणि त्याच दिवशी संपवा. थर्मोकोलच्या पेटीत ठेवा, झाकण नुसतं टेकवा. हवाबंद डब्यात ठेवला तर वायूच्या दाबाने डबा फुटू शकतो. डीप फ्रीजरचा उपयोग नाही, ड्राय आइससाठी तोही गरमच.

एका गोष्टीत कसलीही तडजोड नको. हा वायू हवेपेक्षा दीड पट जड असतो आणि प्रेसच्या खड्ड्यात साचतो. काम चालू असताना कुणालाही खड्ड्यात उतरू देऊ नका. शटर उघडं ठेवा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, कार्बन डायऑक्साइड मीटर जमिनीजवळ टांगा. आठ तासांच्या पाळीची मर्यादा ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५,००० भाग) आहे. आकडा तिकडे सरकला की हात थांबवा आणि सगळ्यांना बाहेर काढा. गार लागत नसलं तरी जाड इन्सुलेटेड हातमोजे, गॉगल आणि कानाला इअरमफ घालाच, कारण आवाज फार असतो.

खोल गंज मात्र याने निघत नाही. रंग धरण्यासाठी पृष्ठभाग खरखरीत करायचा असेल तर ग्रिट ब्लास्टिंगच (टणक, खरखरीत कणांचा मारा) करा.

साफ झाल्यावर मोल्डचं तापमान पूर्ववत होऊ द्या, रिलीज एजंटचा हलका हात मारा आणि पहिला शॉट (पहिला माल) घ्या. निघालेला सील उजेडात धरून ओठ आणि नंबर तपासा. कुठे डाग दिसला तर तेवढीच खाच परत मारा.